तीस मीटर, बावीस सेकंद

सेकंदे हे काही त्यांचं आडनाव नव्हे. खरं आडनाव वेगळंच होतं, पण पगाराच्या चिठ्ठीपलीकडे ते कुठे वापरात राहिलं नव्हतं. नगरपालिकेच्या सिग्नल विभागात अठ्ठावीस वर्षं काढलेल्या या माणसाला कुणीतरी गमतीने सेकंदे म्हटलं, आणि ते नाव असं चिकटलं की एकदा आरोग्य खात्याकडून आलेल्या पाकिटावर 'श्री. सेकंदे यांस' असं चक्क टाइप केलेलं होतं. त्यांनी ते निमूटपणे सही करून घेतलं. दुरुस्त करत बसण्यात वेळ गेला असता.

शहरातल्या सत्तावीस चौकांत कुठला दिवा किती वेळ जळणार, हे सेकंदे ठरवत. चौकाच्या कोपऱ्यावर एक राखाडी लोखंडी कपाट असतं, ज्याला टेकून लोक फोनवर भांडतात आणि ज्यावर भाड्याच्या खोल्यांच्या जाहिराती चिकटवतात. त्या कपाटांच्या किल्ल्यांचा जुडगा सेकंद्यांच्या पट्ट्याला लटकत असे. ते येताहेत हे आधी जुडग्यावरून कळे, आणि कळेपर्यंत ते पुढे निघून गेलेले असत.

कारण हा माणूस स्थिर असा कधी नसेच. खुर्चीवर बसला की उजवा गुडघा वरखाली, वरखाली. वहिनी म्हणायच्या की हा पाय माझ्या शिलाई मशीनला जोडला असता तर विजेचं बिल निम्म्यावर आलं असतं. कचेरीतल्या लिफ्टचं बटण दाबून सात सेकंदांत लिफ्ट आली नाही की सेकंदे जिन्याने निघत, आणि चौथ्या मजल्यावर पोचल्यावर लिफ्टच्या दारापुढे उभे राहून तिची वाट पाहत, आपण जिंकलो की नाही ते बघायला. नाटक-सिनेमाला त्यांना नेणं वहिनींनी लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी बंद केलं. पडद्यावरचा नायक जिना चढत असला तरी शेजारून 'चल, चल, आटप' असं ऐकू यायचं.

वहिनी म्हणजे सेकंद्यांच्या पत्नी. कचेरीतले सगळे त्यांना वहिनी म्हणत, म्हणून आपणही म्हणू. स्वभावाने अगदी उलट. शांतपणे बसून, दातओठ न खाता, उलटी पडलेली शिवण टाका-टाका उसवणारी बाई. घर एका गल्लीत, गल्ली मोठ्या रस्त्याला मिळते तिथे चौक, आणि चौकाच्या पलीकडच्या अंगाला त्यांचं दुकान. दुकान म्हणजे एक शटर, दोन मशीन, एक आरसा आणि 'उंची कमी करून मिळेल' अशी पाटी. तिच्याखाली कुणीतरी पेनाने 'कपड्यांची' असं लिहून खुलासा केला होता. दोन मशीनांपैकी एक वहिनींचं, दुसरं त्यांच्या मैत्रिणीचं. एकोणीस वर्षं दोघी समोरासमोर बसून लोकांच्या विजारी आखूड करत होत्या आणि त्या लोकांविषयी बोलत होत्या. एकमेकींकडून फार काही ऐकायचं राहिलं नव्हतं, पण सांगायची सवय होती.

मग वहिनींच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. तीन महिने घरात. डॉक्टरांनी सांगितलं, आता चाला, रोज चाला, चालला नाहीत तर हा गुडघा दगड होईल. स्कूटरवर बसायला गुडघा पुरेसा वाकत नव्हता. गाडीने जावं तर मधल्या दुभाजकामुळे दीड किलोमीटर पुढे जाऊन वळून यावं लागे. समोर दिसणाऱ्या दुकानात पोचायला तीन किलोमीटरची सहल काढायला वहिनी तयार नव्हत्या. शिवाय डॉक्टरांचं औषध त्या तीस मीटरमध्येच होतं. ते गाडीत बसून घेता आलं नसतं.

म्हणून एका सोमवारी सकाळी त्या काठी घेऊन निघाल्या. सेकंदे अर्थातच बरोबर निघाले, आणि अर्थातच पुढे निघाले. गल्लीच्या तोंडापर्यंत तीनदा मागे येऊन त्यांनी वहिनींना गाठलं. तिसऱ्या वेळी वहिनींनी त्यांना एका खांबाशी उभं केलं आणि सांगितलं की तुम्ही इथेच थांबा, तुमच्याकडे बघून मला धाप लागते.

पादचाऱ्यांच्या दिव्यात हिरवा माणूस लागला. वहिनी निघाल्या. सेकंदे सवयीने मोजू लागले. बाराला वहिनी दुभाजकाच्या अलीकडे, पंधराला दुभाजकावर, आणि बाविसाला पलीकडच्या तीन लेनपैकी एक ओलांडलेली. तेवढ्यात समोरचा माणूस लाल झाला आणि डावीकडून गाड्यांनी एकदम पुढे झेप घेतली. वहिनी मागे वळल्या, जेमतेम दुभाजकावर आल्या आणि तिथल्या दीड हात रुंदीच्या सिमेंटवर उभ्या राहिल्या. पुढून बस, मागून ट्रक. पदर एकीकडे, काठी दुसरीकडे. पुढचा हिरवा माणूस यायला अडुसष्ट सेकंद होते. सेकंद्यांना ते पक्कं माहीत होतं, कारण ते त्यांनीच ठरवले होते. आयुष्यात त्यांनी पुष्कळ सेकंद मोजले, पण इतके लांब सेकंद त्यांना कधी भेटले नव्हते.

हिरवा लागताच वहिनी उरलेला रस्ता ओलांडून पलीकडे गेल्या नाहीत. त्या घराकडे परतल्या. सेकंद्यांच्या जवळून जाताना एवढंच म्हणाल्या की आता मी काही त्या रस्त्यावर पाय टाकणार नाही. आवाज चढवला नाही. चढवला असता तर सेकंद्यांना बरं वाटलं असतं.

दोन दिवसांनी मैत्रिणीचा फोन आला. ती बिचारी संकोचतच बोलत होती. काम तुंबलंय, लोक परत जाताहेत, एक बाई विचारत येते, हात चांगला आहे तिचा. तू पहिल्या तारखेपर्यंत आलीस तर प्रश्नच नाही, पण नाही आलीस तर... वहिनींनी तिला वाक्य पुरं करू दिलं नाही. म्हणाल्या, बसव तिला माझ्या मशीनवर. फोन ठेवला आणि एका सरळ पडद्याची सरळ असलेली शिवण उसवायला घेतली.

पहिली तारीख तेवीस दिवसांवर होती.

दुसऱ्या दिवशी सेकंदे कचेरीत गेले ते थेट जुन्या फायलींच्या खोलीत. त्या चौकाला बावीस सेकंद कुठून आले, ते त्यांना बघायचं होतं. हिशेब सोपा असतो. रस्त्याची रुंदी घ्यायची, माणसाच्या चालीने भागायची, वर दोन सेकंद सावरायला द्यायचे. रस्ता तीस मीटर. चाल सेकंदाला दीड मीटर. वीस अधिक दोन, बावीस. भागाकार अचूक होता. सेकंद्यांचा भागाकार चुकत नसे. पण दीड मीटर हा आकडा त्यांना आज पहिल्यांदाच परका वाटला.

फायलीत अठरा वर्षांपूर्वीचा तक्ता होता, त्यांच्याच अक्षरात. वरून हुकूम आला होता की रस्ता ओलांडणाऱ्या शंभर माणसांची चाल घड्याळ लावून मोजा आणि सरासरी काढा. तेव्हाचे सेकंदे छत्तीस वर्षांचे होते आणि उन्हात उभं राहून दुसऱ्यांचं चालणं बघणं ही त्यांना काळ्या पाण्याची शिक्षा वाटली होती. तक्त्यात नोंदी होत्या आणि त्यांतल्या कितीतरी नोंदींवर लाल रेघ होती. शेजारच्या रकान्यात कारण. 'मध्येच थांबली.' 'काठी.' 'कडेवर मूल.' 'दोन पिशव्या.' 'गप्पा मारत होते.' 'चप्पल निघाली.' 'उगाच आकाशाकडे पाहिले.' जो जो सावकाश चालला, त्याची नोंद सदोष म्हणून बाद. अशी बासष्ट माणसं बाद झाली होती. मग शंभराचा आकडा भरायला तरुण सेकंदे स्वतःच त्या रस्त्यावरून बासष्ट वेळा आले-गेले होते. त्यांच्या नोंदीत दोष असा काहीच नव्हता.

आणि एका चौकाला मोजलेली चाल बाकीच्या सव्वीस चौकांना तशीच लावली होती. पुन्हा कोण मोजत बसणार?

घरी येऊन त्यांनी हे वहिनींना सांगितलं. लपवणं त्यांना जमत नसे, लपवायला थांबावं लागतं. वहिनींनी सुई बाजूला ठेवली.

"म्हणजे अठरा वर्षं हे सगळं शहर तुमच्या मागून धावतंय," त्या म्हणाल्या. "मला वाटायचं, एकटी मीच."

सेकंदे साहेबांकडे गेले. साहेब वयाने त्यांच्यापेक्षा बारा वर्षांनी लहान, हुशार, आणि त्यांच्या टेबलावर वाहनचालकांच्या तक्रारींचा एक ट्रे कायम ओसंडून वाहत असे. पायी चालणाऱ्यांच्या तक्रारींचा ट्रे नव्हता. त्या बिचाऱ्यांना पलीकडे पोचल्यावर तक्रार करण्याइतका दम उरत नसावा. सेकंद्यांनी आठ सेकंद मागितले. बावीसचे तीस करायचे. साहेबांनी विचारलं, आणायचे कुठून? चौकाची एक फेरी नव्वद सेकंदांची. त्यातले आठ पिवळ्याला जातात. माणसं पलीकडे जातात त्या बावीस सेकंदांत बाजूच्या रस्त्याच्या मोजक्या गाड्या निघतात, आणि उरलेले साठ मोठ्या रस्त्याचे. इथे आठ द्यायचे म्हणजे तिथून आठ काढायचे. साठाचे बावन्न.

सेकंद्यांना हे सगळं पाठ होतं. हिरव्यात एका लेनमधून दोन सेकंदांना एक गाडी निघते. साठ सेकंदांत तीस. सकाळच्या गर्दीत दर फेरीला येतात एकोणतीस. एकाची सवड, त्यावर सगळं शहर वेळेवर कामाला पोचतं. बावन्न केले की निघणार सव्वीस. दर फेरीला तीन गाड्या मागे राहणार, पुढच्या फेरीला त्या तीन आणि नव्या तीन. एखाद्या डॉक्टरकडे तासाला तीस रोगी तपासून होतात आणि एकोणतीस येतात, तोवर बाकावर जागा असते. डॉक्टरांनी जरा हात सैल सोडला आणि सव्वीसच तपासले, तर संध्याकाळपर्यंत रोगी जिन्यावर बसलेले असतात आणि नवीन येणारा आपला ताप विसरून भांडायला लागतो. थोडासा उशीर थोडासा राहत नाही.

तरीही ते हटले नाहीत. गुडघा साहेबांच्या टेबलाखालून टेबलाला लागत होता आणि पेनांचा डबा खुळखुळत होता. शेवटी त्या खुळखुळाटाला कंटाळून साहेबांनी एका दिवसाची परवानगी दिली.

गुरुवारी सकाळी पावणेनऊला सेकंद्यांनी कपाट उघडून बावीसचे तीस केले. नऊला सगळं ठीक होतं. नऊ वीसला रांगेचं शेपूट पेट्रोल पंपापर्यंत गेलं. नऊ चाळीसला ते मागच्या चौकात घुसलं, तिथे एक बस आडवी अडकली, आणि मग ज्यांचा या चौकाशी काही संबंध नव्हता ते लोकही उभे राहिले. भोंग्यांचा असा गजर सुरू झाला की गल्लीतली कुत्री त्याला उत्तर द्यायला लागली. सेकंद्यांचा फोन वाजला. साहेब.

"सेकंदे, मला पेट्रोल पंप दिसतोय," साहेब हळू आवाजात म्हणाले. "गेली पंचवीस मिनिटं दिसतोय. आता त्यावरच्या दरांचा फलक मला पाठ झालाय."

दहाला पुन्हा बावीस झाले. रांग मोकळी व्हायला दुपार उजाडली.

सेकंदे घरी आले तेव्हा वहिनी दारातच होत्या. भोंगे घरापर्यंत ऐकू आले होते, आणि गल्लीतल्या एका बाईने येऊन साग्रसंगीत बातमीही दिली होती. सेकंद्यांना वाटलं, निदान हिला वाटेल की आपल्यासाठी कुणीतरी काहीतरी केलं. वहिनींनी त्यांना पाणी दिलं आणि शेजारी बसल्या.

"माझ्यासाठी शंभर गाड्या अडवू नका हो," त्या म्हणाल्या. "त्यातली एखादी दवाखान्यात निघालेली असेल. मी ऑपरेशनला गेले तेव्हा आपणही होतो की अशाच एका रांगेत. तेव्हा तुम्हीच भोंगा वाजवत होता."

सेकंदे उठले, आतल्या खोलीत गेले, परत आले, पुन्हा गेले. पुढचे चार दिवस त्यांचं असंच चाललं. जेवताना ताटात बोटाने रकाने ओढायचे. दात घासताना एकदम थांबून आरशाकडे बघत 'सव्वीस' म्हणायचे. वहिनींनी एकदा विचारलं, काय सव्वीस? तर म्हणाले, काही नाही, उरतात तीन. पहिली तारीख अकरा दिवसांवर आली होती.

पाचव्या दिवशी स्वयंपाकघरातलं घडीचं स्टूल काखेत मारून ते चौकात गेले. आकडे संपले होते, मोजायचं तेवढं राहिलं होतं. अठरा वर्षांपूर्वी जे काम बाद करून टाकलं, तेच पुन्हा. कपाटाशेजारी स्टूल मांडून सकाळी नऊ ते दहा ते बसत, मांडीवर वही, हातात घड्याळ. बसत म्हणजे काय, पहिल्या दिवशी सहा वेळा उठले. एका माणसाला त्यांनी तोंडाने 'चला, चला' केलं आणि त्याने त्यांना अशी नजर दिली की ते पुन्हा बसले. दुसऱ्या दिवशी चार वेळा उठले. तिसऱ्या दिवशी त्यांनी पहिल्यांदा माणसं पाहिली. एक म्हातारा दुभाजकापर्यंत जोरात यायचा आणि तिथे पोचून दम खात उभा राहायचा, जणू ठरवूनच आलाय. दोन मुलं आणि एक ट्रॉली घेऊन जाणारी एक बाई निघण्याआधी खोल श्वास घ्यायची, पाण्यात उडी मारायच्या आधी घेतात तसा. एक गृहस्थ हिरवा लागला तरी निघतच नसत. ते दिवा लागल्यालागल्या निघायचं म्हणून पुढच्या फेरीची वाट पाहत, म्हणजे त्यांना पुरे बावीस मिळावेत. सेकंद्यांनी कुणावर लाल रेघ मारली नाही. चप्पल निघालेल्यावरही नाही.

चौथ्या दिवशी वहीतल्या नोंदी बघताना त्यांचा गुडघा थांबला.

तासाला चाळीस फेऱ्या. चार दिवसांत रोज, ज्या फेरीत कुणीतरी खरोखर सावकाश चालणारं होतं अशा फेऱ्या किती? सात. एकदा आठ. बाकीच्या बत्तीस-तेहतीस फेऱ्यांत बावीस पुरेसे होते, चालणारे तरणेताठे होते, फोनवर बोलतही पोचत होते. गुरुवारी त्यांनी चाळीसच्या चाळीस फेऱ्यांत आठ सेकंद वाटले, हवे होते सातांत. आणि एकाच फेरीत आठ दिले तर काय होतं? तीन गाड्या उरतात. पण पुढच्या फेरीला पुन्हा साठ सेकंद, एकाची सवड. उरलेल्या तिनांतली एक निघते. त्याच्या पुढच्या फेरीला दुसरी. मग तिसरी. चौथ्या फेरीला रस्ता जसाच्या तसा. म्हणजे डॉक्टरांनी एखाद्याच रोग्याला जास्त वेळ दिला, तर बाक जरा वेळ भरतो आणि आपोआप रिकामा होतो. रोज प्रत्येकाला जास्त दिला की मगच जिना भरतो.

पण कुणाला हवेत आणि केव्हा, हे कपाटाला कळणार कसं?

हे विचारताना त्यांची नजर खांबावर गेली. खांबाला कमरेच्या उंचीवर पिवळी डबी, डबीवर गोल बटण. रस्ता ओलांडणारा जो तो ते दाबत होता. ते दाबून काहीच होत नाही, हे शहरात दोनच माणसांना माहीत होतं. एक सेकंदे, दुसरा वायरमन. पंधरा वर्षांपूर्वी लोक येता-जाता चाळा म्हणून बटण दाबत आणि निघून जात, मग रिकाम्या रस्त्यापुढे गाड्या उभ्या राहत. तेव्हा सेकंद्यांनीच सत्तावीस चौकांतल्या बटणांच्या वायरी सोडवायला लावल्या. बटणं काढायला वेळ लागला असता म्हणून ठेवली. तेव्हापासून लोक दाबत होते आणि दिवा आपल्यामुळेच लागला असं समजून समाधानाने ओलांडत होते.

वायरमनला बोलावलं तेव्हा तो पोट धरून हसला. म्हणाला, इतकी वर्षं लोक मला सांगायचे की त्या चौकातलं बटण छान चालतं, पलीकडच्या चौकातलं जरा मंद आहे. मी हो म्हणायचो. मग त्याने कपाटात मुंडी घातली आणि दोन दिवस खपून वायरी जोडल्या. नुसतं दाबलं तर पूर्वीसारखंच, काही नाही. तीन सेकंद दाबून धरलं तर मात्र पुढच्या हिरव्याला आठ सेकंद जास्त. चाळा करणारा तीन सेकंद थांबत नाही. सेकंद्यांना हे स्वतःवरून माहीत होतं.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं, वहीतली पानं उलटली, आणि अट घातली. एक आठवडा. गर्दीच्या तासात मोठ्या रस्त्यावरच्या गाडीचा सरासरी उशीर चार सेकंदांपेक्षा जास्त वाढला, तर बटण पुन्हा बंद, आणि हा विषयही.

"आणि सेकंदे," ते म्हणाले, "नोंदी पुऱ्या आणा. या वेळी कुणी बाद नको."

म्हणजे त्यांनी जुनी फाइल वाचली होती. सेकंदे मान खाली घालून बाहेर पडले आणि लिफ्टने खाली आले.

डबीखाली पाटी लावायची होती. सेकंद्यांनी मजकूर केला, 'सावकाश चालणाऱ्या नागरिकांनी बटण तीन सेकंद दाबून धरावे'. घरी वाचून दाखवला. वहिनी म्हणाल्या की जगात कुणीही माणूस चारचौघांत उभा राहून मी सावकाश चालतो असं बटण दाबून सांगणार नाही, मी तर नाहीच. त्यांनी खडू घेतला आणि विजारीसारखीच त्या वाक्याची उंची कमी केली. 'जास्त वेळ हवा? तीन सेकंद दाबून धरा.' तेवढीच पाटी लागली.

पण पाटीला सल्ला देणं वेगळं आणि रस्त्यावर पाय टाकणं वेगळं. महिन्याची एकोणतीस तारीख गेली. तीसला वहिनी गल्लीच्या तोंडापर्यंत आल्या, दुभाजकाकडे पाहिलं आणि भाजी घ्यायलाच आल्यासारख्या भाजी घेऊन परतल्या. सेकंदे काही बोलले नाहीत. न बोलणं हे त्यांना धावण्यापेक्षा जड गेलं. रात्रभर त्या कुशीवर वळत होत्या आणि हे सेकंद मोजत होते, तेवढाच संवाद.

एकतीसला सकाळी पावणेनऊला वहिनींनी कपाटातून कात्री, टेप आणि अंगुस्तान काढून पिशवीत टाकलं. सेकंदे स्टूल घेऊन मागून निघाले. मागून. गल्लीच्या तोंडाशी पोचेपर्यंत त्यांनी स्वतःचा पाय चारदा आवरला.

वहिनींनी बटणावर बोट ठेवलं आणि तीन सेकंद दाबून धरलं. शेजारी उभ्या असलेल्या एका तरुणाने उगाच मदत म्हणून पुन्हा एकदा झटकन दाबलं. सेकंदे स्टुलावर बसले. वही मांडीवर. हिरवा माणूस लागला.

पाच. दहा. पंधराला दुभाजक. आणि दुभाजकावर वहिनी थांबल्या. काठी टेकली आणि नुसत्या उभ्या राहिल्या. सोळा. सतरा. डावीकडे बस घुरघुरत होती. सेकंदे अर्धे उठले. अठरा. त्यांच्या तोंडात 'चल' आलं होतं, ते त्यांनी दातांनी धरलं. एकोणीस. वहिनींनी पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली, काठी पुढे टाकली, आणि निघाल्या. बावीसला पलीकडची पहिली लेन. जुन्या हिशेबाने इथे सगळं संपत होतं. चोवीस, पंचवीस. बसच्या पुढून त्या गेल्या, ड्रायव्हरकडे न बघता. तिसाला काठीचं टोक पलीकडच्या फूटपाथवर होतं आणि वहिनींचा मागचा पाय अजून रस्त्यावर. दिवा पिवळा झाला. मागचा पाय वर आला.

गाड्या सुटल्या. वहिनी त्यांच्या आड गेल्या. सेकंद्यांनी मान उंच केली, पण बावन्न सेकंद नुसत्या गाड्याच गाड्या. मग लाल लागला तेव्हा जवळच्या लेनमध्ये तीन गाड्या राहिल्या होत्या. तिसरीतल्या माणसाने भोंगा वाजवला. सेकंद्यांनी लिहिलं, तीन. पुढच्या फेरीला दोन. त्याच्या पुढच्याला एक. मग एकही नाही. शेवटचं शून्य वाकडं आलं.

फोन वाजला. वहिनी.

"पाहिलंत का?"

"पाहिलं की. तीन गाड्या राहिल्या," सेकंदे म्हणाले.

"आणि मी?"

"तू नाही राहिलीस."

पलीकडून मशीन चालल्याचा आवाज आला, थांबला, पुन्हा चालला. वहिनी म्हणाल्या की या नव्या बाईने माझ्या मशीनच्या दोऱ्याचा ताण बिघडवून ठेवलाय, तीन दिवस येऊन बघत होती म्हणे, आता हे सरळ करायला दुपार जाईल. मैत्रीण मागून काहीतरी सांगत होती आणि दोघी एकाच वेळी बोलत होत्या. मग फोन तसाच चालू राहिला, ठेवायचं कुणाच्या लक्षात आलं नाही.

सेकंद्यांनी तो कानाला तसाच धरला. पुढची फेरी आली. पंचवीस-एक वर्षांचा एक मुलगा धावत येऊन ओलांडून गेला, त्यांनी त्याची नोंद केली. मागून तो दम खाणारा म्हातारा आला, त्याने पाटी वाचली, इकडेतिकडे पाहिलं, आणि कुणी बघत नाहीसं बघून बोट बटणावर दाबून धरलं. सेकंदे दुसरीकडे पाहू लागले. तासाअखेर सरासरी उशीर साडेतीन सेकंदांनी वाढलेला निघाला. त्यांनी तो दोनदा तपासला, साहेबांना कळवला, आणि कानाला फोन धरूनच वहीचं नवं पान उघडून त्यावर पुढच्या चौकाचं नाव लिहिलं.